समुद्र उडी मारता काय?

आमच्या कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या घरांतली पोरं हा हिशेब कानावर घेतच मोठी होतात. काही वर्षांपूर्वी सातवीला भूगोलाचा भरती-ओहोटीचा धडा शिकवताना मी तो फळ्यावर मांडला. पुस्तकातली गोष्ट गावाशी जोडून दिली की मुलं ऐकतात, एवढाच माझा हेतू. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

“बाई, ह्या गणित चुकता. पुनवेक पंधरा तिथी. तीनान गुणून चारान भागलंय, सव्वाअकरा इले. दुसऱ्या दिवशी पाडवो, म्हणजे भरती पाऊण वाजता. रोज पाऊण तास पुढे जाणारी भरती त्या एका दिवसात दीड तास कशी जाता? समुद्र उडी मारता काय?”

वर्ग हसला. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले, कारण त्याचं बरोबर होतं. इतकी वर्षं मी हा हिशेब सांगत आले होते आणि तो पुनवेला तुटतो हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मिनिटभराने त्याने तोडही सांगितली: चाराने गुणा, पाचाने भागा. मग पौर्णिमेला बारा येतात, प्रतिपदेला बारा अठ्ठेचाळीस, आणि भरती रोज सारखीच अठ्ठेचाळीस मिनिटं सरकते. पुस्तकात दिलंय सुमारे पन्नास मिनिटं. हे सगळं त्याने कागद-पेन्सिल न घेता केलं होतं.

महिन्याभराने सहामाही परीक्षा झाली. प्रश्न होता, भरती-ओहोटी कशामुळे होते? त्याच मुलाने दीड ओळ लिहिली होती. ‘भरती’चं ‘भतरी’ झालं होतं, ‘समुद्र’ एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिला होता, ‘चंद्र’मधला र कुठेच नव्हता, आणि दुसरी ओळ अर्ध्यावर सोडून दिली होती. मी अर्धा गुण दिला आणि समासात लाल शाईने लिहिलं, ‘हुशार आहे, पण आळशी. लिखाणाचा सराव हवा.’

हा लेख मी त्या वाक्याविरुद्ध लिहितेय. ते वाक्य मी एकटी लिहीत नाही. आमच्याकडच्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक प्रगतिपुस्तकात ते कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतं. ‘क्षमता आहे, प्रयत्न कमी.’ ‘लक्ष दिलं तर पहिला येईल.’ ‘बडबड जास्त, काम कमी.’ लिहिणाऱ्याला वाटतं आपण पोराचं कौतुक करून त्याला थोडं ढोसतोय. प्रत्यक्षात आपण एक निदान करून मोकळे झालेलो असतो, आणि ते चुकीचं असण्याची दाट शक्यता असते.

कारण तल्लख बुद्धी आणि शिकण्यातली अडचण ही दोन्ही एकाच मुलात एकत्र असू शकतात. अशा मुलांना जगभर ‘ट्वाइस एक्सेप्शनल’ म्हणतात. त्यांचं दुखणं असं की दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकतात. बुद्धी अडचणीला सांभाळून घेते. मूल धडा ऐकून पाठ करतं, शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा अंदाजाने वाचतं, शेजाऱ्याच्या वहीवरून गाडी रेटतं. चौथी-पाचवीपर्यंत हे खपतं. सातवी-आठवीला उत्तरं लांब होतात, विषय वाढतात, अर्धं-पाऊण शिक्षण आपापलं वाचून करायचं असतं, आणि तिथे सांभाळून घेणं संपतं. उलट बाजूने अडचण बुद्धीला झाकते. लिहिता येत नाही म्हणून शिष्यवृत्तीच्या तयारीच्या वर्गात कुणी बसवत नाही, स्पर्धेला नाव देत नाही. मूल ना ‘मागे पडलेल्या’ यादीत येतं, ना ‘पुढच्या’. ते मध्ये तरंगत राहतं.

देवनागरीत वाचन-लेखनाची ही अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, कशी दिसते हे शिक्षकांना नीट सांगायला हवं, कारण तिचं नाव काढलं की आपल्याला इंग्रजीतली उलटी बी आणि डी आठवतात. मराठी जशी बोलतो जवळजवळ तशीच लिहितो, त्यामुळे हुशार मूल अडखळत का होईना, बरोबर वाचून दाखवतं, आणि आपण म्हणतो, ‘वाचता येतंय की.’ पण एका परिच्छेदाला त्याला दुप्पट वेळ लागतो, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पहिली ओळ डोक्यातून गेलेली असते. लिहिताना मात्रा गळतात, रफार जागा बदलतो, जोडाक्षरं मोडतात, भ-म आणि घ-ध यांची अदलाबदल होते. आमच्याकडे यावर एक तयार उत्तर असतं: घरात मालवणी बोलतात, म्हणून शुद्धलेखन कच्चं. मीही ते दिलंय. पण त्याच घरातली, तीच मालवणी बोलणारी त्याची बहीण पानभर निबंध सरळ लिहायची. मालवणीने तिचा रफार कधी हलवला नाही.

लक्षाच्या अडचणीचंही तेच. एडीएचडी (लक्ष आणि अतिचंचलतेची अडचण) असलेल्या मुलाचं लक्ष कुठेच लागत नाही असं आपण समजतो, म्हणून इंजिन खोलून तीन तास बसलेला किंवा मोबाईलवर रमलेला पोरगा बघितला की म्हणतो, ‘इथं बरं लक्ष लागतं!’ खरी अडचण लक्ष वळवण्याची आणि नको तिथून सोडवून हवं तिथे टिकवण्याची असते. आवडीच्या कामात ते गरजेपेक्षा जास्त रुतून बसतं. मुलींमध्ये तर ही अडचण बऱ्याचदा दंगा करतच नाही. खिडकीतून बाहेर बघणारी, दप्तर विसरणारी, हाक मारली की दचकणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक चुळबुळ्या पोराला हे नाव चिकटवावं असं मी अजिबात म्हणत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसावी लागतात, त्यांनी रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं, आणि हे ठरवायचं काम तज्ज्ञ डॉक्टरांचं. शिक्षकाचं काम त्याच्या अलीकडचं आहे: जे दिसतं ते नाव न ठेवता लिहून ठेवणं आणि पालकांच्या कानावर घालणं.

आता कोकणाचा प्रश्न. दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही आता दरवर्षीची बातमी. २०२४ साली ९९.०१ टक्के, २०२५ साली ९८.८२ टक्के. त्याचा अभिमान मलाही आहे. एसटीने दहा-दहा किलोमीटर येणाऱ्या मुलांनी आणि पावसात वाडीवाडीवर जाऊन मुलांना शाळेत आणणाऱ्या शिक्षकांनी तो मिळवलाय. पण हा आकडा एकच गोष्ट मोजतो, पस्तीसच्या वर किती गेले. भरतीचा हिशेब दुरुस्त करणारा माझा विद्यार्थी चोपन्न टक्क्यांनी पास झाला आणि त्या ९९ टक्क्यांत जमा झाला. तो नापास झाला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का? चोपन्न टक्क्यांना कुणी का विचारत नाही. मूल काय करू शकत होतं आणि त्याच्या हातून कागदावर काय उतरलं, यातलं अंतर आपल्या कुठल्याच तक्त्यात येत नाही. निकालाची चढाओढ जितकी कडक, तितकं हे अंतर दडपलं जातं, कारण शाळेला फक्त तो पस्तीसच्या पलीकडे न्यायचा असतो.

त्याचं काय झालं ते सांगते. आठवीत त्याने प्लॅस्टिकच्या डब्यात तरंगणारा फ्लोट आणि सायकलचा डायनॅमो वापरून लाटेवर दिवा लावायची खटपट चालवली होती. दिवा लागायचा, विझायचा. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला ते न्यायचं ठरलं. तेवढ्यात वह्यांची तपासणी झाली, त्याच्या सहा विषयांच्या वह्या अपुऱ्या निघाल्या, आणि शाळेने निर्णय घेतला: आधी वह्या पूर्ण कर, मग प्रदर्शन. वह्या पूर्ण झाल्या नाहीत. प्रदर्शनाला दुसरा मुलगा गेला, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी घेऊन. त्या बैठकीत मी होते आणि मी गप्प बसले. फ्लोटचा डबा कितीतरी दिवस प्रयोगशाळेच्या कपाटावर पडून होता. मग कुणीतरी त्यात खडू ठेवायला लागलं.

या विषयावर माझं सगळ्यात ठाम मत काही असेल तर ते हे आहे. मुलाला जे जमत नाही ते जमेपर्यंत त्याला जे जमतं ते काढून घ्यायचं, हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय आहे. गणितात कमी पडला, क्रिकेट बंद. वाचत नाही, दशावताराच्या तालमीला जायचं नाही. अक्षर खराब, मृदंग खुंटीला. पालक, शिक्षक, शेजारी, सगळे तोच उपाय सांगतात, आणि तो सगळ्या मुलांना सारखा लागू पडत नाही. ज्या मुलाला दिवसातले सहा तास, जे त्याला सर्वांत कठीण जातं त्याच कामावर जोखलं जातं, त्याच्याकडे ‘मी कुणीतरी आहे’ असं वाटायला लावणारी एकच जागा उरलेली असते. ती काढून घेतली की लेखन सुधारत नाही, मुलगा शाळेत यायचा बंद होतो. आमचा नववीत आठवड्यातून दोन-तीन दिवस येऊ लागला. बाकीचे दिवस बंदरावर वडिलांच्या ट्रॉलरचं इंजिन.

त्याच्या आईने देवळात कौल लावला होता. मी त्याला हसणार नाही. पोर रात्री झोपत नव्हतं, बोलत नव्हतं, आणि तिला ‘हा असा का’ याचं उत्तर देणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. शाळा म्हणत होती आळशी, नातेवाईक म्हणत होते लाडावलाय. देवाने निदान तिच्या पोराला नाव ठेवलं नाही.

उत्तर शेवटी एका फिरत्या विशेष शिक्षिकेकडून मिळालं. समग्र शिक्षा योजनेतून या शिक्षिका तालुक्यातल्या कितीतरी शाळा फिरतात. नववीच्या अखेरीस त्या दुसऱ्याच मुलासाठी आल्या होत्या. वह्यांच्या गठ्ठ्यातली त्याची वही त्यांनी पाच मिनिटं चाळली आणि मला विचारलं, “याला तोंडी विचारलंत कधी?” त्यानंतर तपासणी. आमच्या जिल्ह्यात मुलाला तपासून कागद हाती देईल असं कुणी आम्हाला सापडलं नाही, म्हणून मुंबई. तुतारी एक्स्प्रेसने तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला वडिलांचे समुद्रावरचे दिवस बुडाले, डोंबिवलीच्या मामाकडे मुक्काम. अहवालात बुद्धी सरासरीच्या बरीच वर आणि लेखन-वाचनात ठळक अक्षमता, असं दोन्ही स्वच्छ लिहिलं होतं. कागद हातात पडला तेव्हा दहावीचा फेब्रुवारी उजाडला होता. सवलतीचा प्रस्ताव वेळेत गेला नाही आणि मुलाने सगळे पेपर सवलतीशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिले.

सवलती आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला आपलं राज्य मंडळ तासाला २० मिनिटं जादा वेळ देतं, लेखनिक देतं, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा करतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार वाढवून २१ केले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता घातली. याच कायद्याचं कलम १६ सांगतं की अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर अध्यापनाचे उपाय करणं हे शिक्षण संस्थांनी करायचं आहे. म्हणजे आईने मुंबईला जाऊन सिद्ध करावं आणि मग शाळेने बघावं, असा क्रम कायद्यात नाही. एडीएचडीला मात्र या २१ प्रकारांत स्वतंत्र जागा नाही. ज्या मुलाची अडचण फक्त लक्षाची आहे त्याच्या हाती त्यामुळे कागदही येत नाही, आणि ही उणीव दूर व्हायला हवी.

तपासणीतली एक मेख पालकांना माहीत असावी. बुद्ध्यांकाची चाचणी वेगवेगळ्या कप्प्यांत गुण देते आणि शेवटी त्यांचा एक आकडा करते. तर्कात खूप वर आणि वेगात खूप खाली असलेल्या मुलाचा तो एक आकडा ‘सर्वसाधारण’ निघतो आणि दोन्ही टोकं गडप होतात. कप्पेवार गुण मागून घ्या. दुसरं म्हणजे, आपल्याकडे अध्ययन अक्षमतेसाठी वापरली जाणारी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी मुळात पाच ते बारा वयासाठी बांधलेली आहे. पंधरा वर्षांचा तल्लख मुलगा ती रेटून पार करू शकतो, आणि मग घरी ऐकतो, ‘बघ, काही नाहीये तुला.’

मग करायचं काय? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे आठवड्यातून एक दिवस बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका छपराखाली बसतील आणि कागद तिथल्या तिथे मिळेल, ही मागणी फार मोठी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत अध्ययनाची अडचण आणि एडीएचडी दोन्ही आहेत. आमच्याकडे पथक येतं तेव्हा उंची, वजन, दात, डोळे बघून दुपारच्या आत पुढच्या शाळेला जातं. शिक्षकांनी आधी दोन-तीन मुलांची नावं आणि वह्यांचे नमुने काढून ठेवले, तर त्याच भेटीत डॉक्टरांसमोर ते ठेवता येतील. हे आम्ही गेल्या वर्षापासून सुरू केलंय. वरून कुठला आदेश यावा लागला नाही.

काही सहकारी म्हणतात, सवलत म्हणजे पळवाट. शहरातले पैसेवाले पालक टक्के वाढवायला असे कागद काढतात. तसं कुठे होत असेल तर ते थांबायला हवं. पण खोटा कागद अडवायचा तर खरी तपासणी जवळ आणि चोख हवी. ती दूर आणि महाग ठेवली की पैसेवाला पोचतोच, होडी चालवणाऱ्या तांडेलाचा पोरगा मागे राहतो.

दुसरा आक्षेप असतो वेळेचा. साठ मुलांच्या वर्गात कुणाकुणाला बघणार? मुंबईत तो खरा असेल. आमच्या सातवीत सतरा मुलं आहेत. चाकरमानी होत होत गावं रिकामी झाली, वर्ग ओस पडले, शाळा बंद पडण्याची टांगती तलवार आहे. हे दुःखच आहे. पण त्याच दुःखाने आपल्याला एक गोष्ट दिलीय जी महानगरातल्या नामांकित शाळेकडे नाही: इथला शिक्षक प्रत्येक मुलाचं घर ओळखतो. सतरा मुलांतल्या एकाला तोंडी विचारायला कुठल्या प्रमाणपत्राची वाट बघावी लागत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं सगळं उतरवायला लावू नका, फोटो काढू द्या किंवा छापील टाचण द्या. लांब काम तुकड्यांत द्या. मोबाईलवर मराठीत बोललेलं आपोआप टाइप होतं, ते शिकवा. उत्तर बरोबर आहे की नाही हे आधी बघा, वेलांटी नंतर. आणि जो भरतीचं गणित मोडून दाखवतो त्याला नववीचं-दहावीचं गणित आत्ताच द्या. त्याची भूक त्याच्या अक्षरासाठी थांबवून ठेवू नका. पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी उभी राहिली ती तल्लख मुलांना वेगळं खाद्य लागतं हे ओळखूनच. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही अशा मुलांना जादा वाव द्यायचं लिहिलंय. फक्त निवड लेखी परीक्षेवर झाली तर आमचा मुलगा तिथेही पहिल्याच दारात अडेल, म्हणून निवड करताना शिक्षकाच्या नोंदी आणि मुलाने हाताने केलेलं काम धरलं जावं.

तो आता आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करतोय. ते काम मोलाचं आहे, बंदरावर त्याला आत्ताच मागणी आहे, आणि तो खूश दिसतो. मला सल एवढीच आहे की त्याने ते निवडलं नाही. बाकीची दारं त्याच्यासमोर उघडलीच गेली नव्हती. गणपतीत भेटला तेव्हा मी त्याची माफी मागितली, त्या लाल शाईच्या वाक्याबद्दल. तो लाजला, म्हणाला, “जावंदे बाई.” मग सांगू लागला की खाडीच्या तोंडाशी भरती बंदरापेक्षा उशिरा लागते, ती किती उशिरा याचा त्याने वर्षभर मोबाईलमध्ये आवाज रेकॉर्ड करून हिशेब ठेवलाय.

यंदा आठवीत एक मुलगी आहे. पहिल्या ओळीत बसते, एकही प्रश्न विचारत नाही, प्रत्येक वहीच्या मागच्या पानांवर होड्यांची चित्रं, दोरांच्या गाठींसकट. गणिताच्या पेपरात तिने चौथं उदाहरण अशा रीतीने सोडवलं होतं जी मी शिकवली नव्हती, आणि पाचवं-सहावं कोरं होतं. ती पानं उलटायचीच विसरली होती. पेपरावर शेरा न लिहिता मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि राहिलेली दोन उदाहरणं तोंडी घातली. दोन्ही सुटली. तिची आई मासळी बाजारात बसते, सकाळी तिला वेळ नसतो. सोमवारी दुपारी तीनला बोलावलंय.